चांदोलीच्या जंगलात पहिल्यांदा जाताना

सांगली जिल्ह्यातल्या बहुतेकांनी चांदोलीचे धरण कधी ना कधी पाहिलेले असते. त्या धरणामागचे जंगल मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असते. शाळेची सहल धरणाजवळच्या वारणावतीपर्यंत जाते, मुले वसंतसागराचे, म्हणजे धरणाच्या जलाशयाचे, पाणी पाहतात, डबे खातात आणि गाडी परत फिरते. त्या पाण्याच्या पलीकडे जे डोंगर एकामागे एक निळे होत जातात, तेच चांदोली राष्ट्रीय उद्यान. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमेवर ते ३१७.६७ चौरस किलोमीटर पसरले आहे. १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याच्या उत्तरेला, सातारा जिल्ह्यात, कोयना अभयारण्याचे ४२३.५५ चौरस किलोमीटर आहेत. या दोन्हींचे मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला आणि भोवतीचा बफरचा पट्टा धरून त्याचे क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटरच्या वर जाते. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवले, तेव्हा महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार ठिकाणे त्या यादीत गेली.

हे सारे आपल्या दारात आहे. तरीही दर हिवाळ्यात ओळखीतले कोणी ना कोणी विचारते, ‘रविवारी चांदोलीला जाऊन येऊ म्हणतोय, काय बघण्यासारखं आहे?’ आणि त्यांच्यातले निम्मे लोक वनखात्याच्या नाक्यावरून परत येतात, कारण ते महाबळेश्वरला निघावे तसे घरातून दहा वाजता निघालेले असतात. या जंगलात पहिल्यांदा जाणाऱ्याला जे आधी माहीत असायला हवे, ते मी माझ्या वीसेक फेऱ्यांच्या अनुभवावरून इथे क्रमाने लिहीत आहे.

पहिली पायरी : काय पाहायला जातो आहोत ते ठरवा

हे काम घरी बसूनच करायचे आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. ताडोबातली चित्रफीत पाहून चांदोलीला येणारा माणूस हमखास निराश होतो. ताडोबाचे जंगल पानगळीचे आणि बरेचसे सपाट आहे, त्यामुळे नजर लांबवर जाते. चांदोलीचे जंगल सह्याद्रीच्या माथ्यावरचे निमसदाहरित जंगल आहे. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा अशी दाट झाडी, तिच्याखाली कारवीचे रान आणि मध्येच उघडे कातळाचे सडे. वाटेपासून पंधरा पावलांवर सांबर उभे असले तरी ते कान हलवेपर्यंत दिसत नाही.

वाघ इथे आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. डिसेंबर २०२३ मध्ये या प्रकल्पातल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये (जनावर समोरून गेले की आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यात) वाघाचे छायाचित्र मिळाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातील एक तरुण वाघीण चांदोलीत आणून तिला नव्या जंगलाची सवय लावण्याचे काम सुरू झाले. वाघांसाठी खाद्य वाढावे म्हणून सागरेश्वर अभयारण्यातली चितळे इकडे आणली गेली आहेत. हा प्रयत्न दक्षिणेकडे राधानगरी, गोवा आणि कर्नाटकातल्या काली व्याघ्र प्रकल्पापर्यंतचा वाघांचा जुना रस्ता पुन्हा नांदता व्हावा यासाठी आहे. तो पर्यटकांच्या गाडीसमोर वाघ यावा म्हणून नाही. त्यामुळे वाघ पाहण्याच्या अटीवर येणाऱ्याने इकडे येऊच नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. गवा, सांबर, भेकर, शेकरू, धनेश, सड्यावरचे गवत, दरीतून वर येणारे धुके, आणि या सगळ्यांत आपण सोडून दुसरे माणूस नाही ही जाणीव, एवढ्यासाठी यायचे असेल तर पुढे वाचावे.

ज्यांनी कधीच जंगल पाहिलेले नाही, विशेषतः ज्यांच्या घरात लहान मुले आहेत, त्यांनी आधी एक सकाळ सागरेश्वरात घालवावी असे मला वाटते. कडेगाव तालुक्याच्या बाजूचे हे अभयारण्य अवघे १०.८७ चौरस किलोमीटरचे आहे. उजाड डोंगरावर धों. म. मोहिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडे लावून, राखून ते उभे केले. तिथे मुलांना गप्प चालण्याची, थांबण्याची आणि वाऱ्याची दिशा पाहण्याची सवय लावता येते, आणि चुकले तरी तासाभरात डांबरी रस्त्यावर येता येते. चांदोलीत ही सोय नाही.

दुसरी पायरी : कोणत्या बाजूने जायचे

या प्रदेशात शिरण्याची नवख्या माणसाला झेपतील अशी दोन दारे आहेत आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

एक दार शिराळा तालुक्यातले. सांगलीहून आष्टा, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), पेठ नाका, शिराळा, कोकरूड, शेडगेवाडी, चरण, आरळा असे मणदूरच्या बाजूला जाता येते. साताऱ्याकडून येणाऱ्याने कराडला महामार्ग सोडून उंडाळेमार्गे शेडगेवाडीला यावे. कराडहून दीड ते दोन तास धरावेत. मणदूर-जाधववाडीच्या बाजूने उद्यानात प्रवेश होतो आणि आतला फेरा ठरलेल्या रस्त्याने, वाहनातून आणि स्थानिक मार्गदर्शकाबरोबर करायचा असतो. वयस्कर माणसे बरोबर असतील तर हेच दार बरे.

दुसरे दार साताऱ्याचे. सातारा शहरातून कासचे पठार ओलांडून बामणोलीला उतरायचे, तिथून लाँचने शिवसागर जलाशय पार करायचा आणि मेट इंदवलीच्या काठावरून वासोटा किल्ला चढायचा. हा किल्ला कोयना अभयारण्याच्या आत आहे. इथे वाहन नाही, रस्ता नाही. पाण्यातून जायचे, पायांनी चढायचे आणि त्याच दिवशी त्याच पाण्यातून परतायचे. चालण्याची सवय असलेल्याला जंगल अंगाला लावून पाहायचे असेल तर वासोट्याइतकी चांगली सुरुवात दुसरी नाही.

दोन्ही एकाच शनिवार-रविवारी उरकण्याचा बेत मात्र करू नये. नकाशावर ती जवळ दिसतात, पण मध्ये घाटरस्ते आहेत आणि दोन्हीकडे पहाटेच पोहोचावे लागते.

तिसरी पायरी : महिना निवडणे

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना आत सोडत नाहीत, आणि त्याला कारण आहे. वारणेचा उगम ज्या भागात होतो त्या पाथरपुंजच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. सांगली शहरात जेवढा पाऊस वर्षभरात होतो, तेवढा तिथे आषाढातल्या काही दिवसांत कोसळतो. ओढे रस्ता कापतात, वाटा बुजतात, जळवा पायांवर चढतात.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जंगल उघडते तेव्हा सारे हिरवेगार असते, ओढे वाहते असतात आणि सड्यांवर उशिरा फुलणारी फुले शिल्लक असतात. पण गवत छातीएवढे असल्याने प्राणी कमी दिसतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी बोचरी असते, हवा स्वच्छ असते, चालायला हा सर्वांत चांगला काळ. मार्चपासून पानवठे आटू लागतात आणि गवे-सांबरे जलाशयाच्या काठाला उतरतात. प्राणी पाहायचे असतील तर मार्च-एप्रिलच्या सकाळी जावे, उन्हाचा त्रास सोसण्याची तयारी ठेवून. मे महिन्यात करवंदे आणि जांभळे पिकतात, अस्वलांचा वावर वाढतो, आणि शिवसागराचे पाणी मागे हटल्यामुळे लाँचमधून उतरल्यावर चिखलातून बरेच चालावे लागते. नवख्या माणसाने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने धरावेत.

चौथी पायरी : परवानगी

राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात विनापरवाना प्रवेश हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. त्याच कायद्याने आत आग लावणे, शस्त्र नेणे आणि वन्यजीवांना अपायकारक पदार्थ नेणे या गोष्टींनाही बंदी आहे. ‘आमच्या मामांचं गाव तिकडंच आहे, कोण अडवतंय’ असे म्हणून आडवाटेने शिरणाऱ्यांना हे गांभीर्याने सांगावे लागते, कारण मधूनमधून अशा मंडळींवर गुन्हे दाखल होतात आणि ते योग्यच आहे.

परवानगीची रीत सोपी आहे. आठवडाभर आधी वनखात्याच्या वन्यजीव विभागाशी संपर्क साधावा आणि चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात : प्रवेश कोणत्या वाराला बंद असतो, फाटक किती वाजता उघडते आणि किती वाजेपर्यंत आत सोडतात, माणशी, वाहनाचे, मार्गदर्शकाचे आणि कॅमेऱ्याचे शुल्क किती, आणि खासगी गाडी चालते की ठरवून दिलेलेच वाहन घ्यावे लागते. हे नियम आणि दर बदलत राहतात, म्हणून गेल्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. राज्याच्या वनखात्याचा १९२६ हा मदतीचा क्रमांकही फोनमध्ये साठवून ठेवावा. प्रत्येकाने सरकारी ओळखपत्राची मूळ प्रत जवळ बाळगावी आणि शुल्कासाठी रोख पैसे न्यावेत. त्या भागात मोबाईलची रेंज आलीच तर एखाद्या टेकाडापुरती येते, त्यामुळे मोबाईलवरून पैसे भरण्याचा भरवसा धरता येत नाही.

वासोट्याची परवानगी बामणोलीतल्या वनखात्याच्या कार्यालयात काढतात. तिथे बरोबरच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या मोजून नोंदवतात आणि परतताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात. ही पद्धत मला फार आवडते. पूर्वी किल्ल्याच्या वाटेवर वेफर्सच्या पाकिटांचा खच असायचा, तो आता बराच आटोक्यात आला आहे.

पाचवी पायरी : सामान

मणदूर किंवा बामणोली ही शेवटची गावे समजावीत आणि ज्या वस्तूची गरज पडेल ती त्याआधीच जवळ असावी. गाडीची टाकी शिराळ्यात किंवा साताऱ्यात पूर्ण भरून घ्यावी, सुट्या चाकातली हवा तपासावी. नकाशा मोबाईलमध्ये रेंजशिवाय उघडेल असा उतरवून ठेवावा.

कपडे मातकट, खाकी किंवा गडद हिरवे, पूर्ण बाह्यांचे. पांढरा शर्ट जंगलात फर्लांगभरावरून दिसतो. अत्तर लावू नये. पाणी माणशी निदान तीन लिटर. खाण्यासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे आणि आपल्या तासगावचे बेदाणे यांच्यासारखे सोयीचे काही नाही : टिकते, पोटाला आधार देते आणि मागे कचरा राहत नाही. आत स्वयंपाक करता येत नाही, चूल पेटवता येत नाही, आणि काडेपेटी तर बरोबर घेऊच नये.

बुटांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नवखी माणसे तिथेच चुकतात. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण वासोट्याला गेलो होतो. आमच्यातल्या एकाने कपाटात तीन-चार वर्षे पडून असलेले चांगल्यापैकी महागडे बूट बाहेर काढले होते, दिसायला अगदी नवे. चढ सुरू होऊन तासही झाला नसेल, तोच उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि पावलागणिक जिभेसारखा लपलपू लागला. अर्ध्या तासाने डाव्याचीही तीच गत झाली. न वापरता पडून राहिलेल्या बुटांचा डिंक निकामी होतो, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. टॉवेलच्या पट्ट्या फाडून आम्ही तळ बांधले, पण निसरड्या मुरमावर त्या पट्ट्यांचा काही उपयोग होईना, आणि उतरताना त्याचा घोटा मुरगळला. परतीच्या लाँचची वेळ कशीबशी गाठली. तेव्हापासून माझा नियम असा आहे की जाण्याआधी दोन आठवडे तेच बूट घालून रोज तासभर चालायचे, आणि सामानात सहा हात सुतळी ठेवायचीच.

औषधांत जंतुनाशक, चिकटपट्टी, दाबून बांधायचे कापडी बँडेज, मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या आणि ज्याची त्याची रोजची औषधे असावीत. घरी एका कागदावर आपला मार्ग, बरोबरच्यांची नावे आणि ‘रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर अमुक ठिकाणी कळवा’ असे लिहून ठेवावे. हा कागद फोनवरच्या निरोपापेक्षा चांगला, कारण तो घरातल्या सगळ्यांच्या नजरेसमोर राहतो.

सहावी पायरी : जंगलातली सकाळ

फाटक उघडण्याच्या अर्धा तास आधी तिथे हजर राहावे. यासाठी आदल्या रात्री शिराळ्यात, वारणावतीच्या परिसरात किंवा साताऱ्यात मुक्काम करणे उत्तम. सांगलीहून पहाटे चारला निघूनही जमते, पण मग चालवणाऱ्याची झोप झालेली नसते.

मार्गदर्शक बहुधा पायथ्याच्या गावचा असतो. त्याला आपण पैसे देतो म्हणून तो आपला नोकर होत नाही. वयाप्रमाणे दादा किंवा मामा म्हणावे, आधी चहा विचारावा आणि त्याने ‘थांबा’ म्हटले की कारण न विचारता थांबावे. या लोकांपैकी कित्येकांची मुळे आजच्या उद्यानाच्या आतल्या गावांत आहेत. झोळंबी, निवळे, गोठणे अशी गावे इथून उठवून खाली मैदानात वसवली गेली. आत फिरताना दाट गवतात घरांची जोती दिसतात, एखादे देऊळ दिसते, आणि कोणी तरी हाताने लावलेली, ओळीत उभी असलेली आंब्याची झाडे दिसतात. तिथे गाडीतून उतरायची परवानगी असेल तर पायातले काढून देवळात जावे, जोत्यावर चढून छायाचित्रे काढू नयेत. आज गव्यांना आणि सांबरांना जे गवताळ माळ मिळाले आहेत, ते त्या गावांची शेते होती. हे रान मोकळे व्हावे म्हणून कोणी तरी आपले घर सोडले आहे, हे आत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

झोळंबीचा सडा हा या फेऱ्यातला माझा सर्वांत आवडता भाग. झाडीतून बाहेर पडताच एकदम आकाश उघडते, पायाखाली तांबूस काळा, छिद्रे पडलेला जांभा आणि त्याच्या खळग्यांत साचलेल्या मातीत उगवलेले केसांसारखे गवत. हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमाराला या सड्यावर पोहोचलो होतो, तेव्हा आमच्या मार्गदर्शक मामांनी हात वर केला आणि चालकाने इंजिन बंद केले. उजवीकडे, साठ-सत्तर पावलांवर, एक गवा उभा होता. अंग काळेभोर, खांद्यावरचा उंचवटा दवाने चकाकणारा, गुडघ्यापासून खाली चारही पाय मोजे घातल्यासारखे पांढरे. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो हे वाचलेले होते. पण तो श्वास सोडताना नाकपुड्यांतून निघालेली वाफ दिसत होती आणि ओल्या गोठ्यासारखा वास आमच्यापर्यंत येत होता, तेव्हा त्या आकड्याचा अर्थ कळला. आमच्यातल्या एकाने हळूच विचारले, ‘मामा, निघायचं का?’ मामा त्याच्याकडे न पाहता म्हणाले, ‘त्येचं बघून होऊ दे. मग जाऊ.’ चार-पाच मिनिटे तो आमच्याकडे पाहत राहिला, मग मान फिरवून कारवीत शिरला. एवढे मोठे जनावर, पण आत शिरताना काटकी मोडल्याचाही आवाज झाला नाही.

नेमके असेच वागायचे असते. जनावर दिसले की थांबावे, इंजिन बंद करावे, उभे राहून हात दाखवू नये, शिटी वाजवू नये, आणि त्याच्या वाटेवर गाडी आडवी घालू नये. पायी असताना गवा समोर आला तर त्याच्याकडे पाठ न करता सावकाश मागे सरावे आणि मोठ्या झाडाच्या आडोशाला जावे. एकटा नर आणि पिल्लू बरोबर असलेली मादी यांच्यापासून जास्तच अंतर ठेवावे. अस्वलाची ऐकू येण्याची बाजू कच्ची मानतात, त्यामुळे ते अचानक समोर येण्याचा धोका असतो. दाट झाडीत गटाने एकत्र राहावे, कोणी पुढे पळू नये.

प्राणी दिसला नाही तरी त्याचे अस्तित्व वाचता येते आणि मला त्यातच जास्त आनंद मिळतो. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत चार बोटांचा ठसा दिसला तर नखांच्या टोकांकडे पाहावे. नखे उमटली असतील तर बहुधा रानकुत्रा, उमटली नसतील तर बिबट्या किंवा त्याच्या कुळातला कोणी, कारण मांजराच्या जातीची जनावरे चालताना नखे आत ओढून घेतात. वाटेवरच्या विष्ठेत जांभळाच्या बिया दिसल्या तर अस्वल येऊन गेले असे समजावे. केस आणि हाडांचे तुकडे असतील तर शिकारी जनावर. झाडाच्या शेंड्याजवळ, फांदीच्या टोकाला काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते शेकरूचे घर. डोक्यावरून वाफेचे इंजिन गेल्यासारखा घोंघाट झाला तर वर पाहावे, धनेश उडत असतो. आणि भेकराचे भुंकणे ऐकू आले तर ते गावातले कुत्रे आहे असे समजून सोडून देऊ नये. भेकर भुंकते, त्यापाठोपाठ सांबर खणखणीत आवाजात ‘पोंक’ करते आणि झाडावरची वानरे खोकल्यासारखी ओरडू लागतात. हे तिन्ही एकाच दिशेने आले तर त्या बाजूला बिबट्या चालतो आहे, असे धरायला हरकत नाही. एका छोट्या वहीत वेळ, ठिकाण आणि काय पाहिले ते लिहीत जावे. दुसऱ्या फेरीत ही वही फार उपयोगी पडते.

वासोट्याला जाणाऱ्यांसाठी

इथे सगळे गणित घड्याळाचे आहे. पहिल्या लाँचने जावे. पाण्यातला प्रवास एक ते दीड तासाचा, चढ दोन ते अडीच तासांचा, वर तासभर, उतरायला दीड-दोन तास, आणि पुन्हा लाँच. मुक्काम करता येत नाही, संध्याकाळी अभयारण्य सोडावेच लागते. सकाळी दहाला बामणोलीत पोहोचणाऱ्याने किल्ल्याचा नाद सोडून नुसता जलाशयाचा फेरा मारावा. लाँचवाल्या दादांशी परतीची वेळ ठरवताना ती कडक ठरवावी आणि त्यांच्याकडून जीवरक्षक जाकिटे मागून ती घालावीत, पोहता येत असले तरी.

काठावर उतरल्यावर थोड्या अंतरावर ओढा लागतो, तिथे मारुती आणि गणपतीच्या मूर्ती आहेत. इथून पुढे उभा चढ आणि दाट झाडी, इतकी की भर दुपारीही ऊन अंगावर तुकड्यातुकड्यांनीच पडते. माथ्यावर बिनछपराच्या देवळातला मारुती, महादेवाचे देऊळ आणि पाण्याची टाकी आहेत. बाबूकड्याच्या टोकाशी उभे राहिल्यावर कोकणातली दरी थेट पायाखाली येते. छत्रपती शिवाजी महाराजांनी या किल्ल्याला व्याघ्रगड हे नाव का दिले असेल, ते हे रान चढून आलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. कड्याजवळ वारा एकाएकी जोर धरतो आणि कडेचे गवत वाळून गुळगुळीत झालेले असते, तेव्हा टोकापासून पाच-सहा पावले मागेच बसावे.

अडचण आली तर

सर्पदंशाची भीती सगळ्यांना असते. पायात उंच बूट आणि हातात काठी असली, दगडाखाली आणि बिळात हात घातला नाही, ओंडका ओलांडताना आधी पलीकडे पाहिले, तर ती बरीच कमी होते. फुरसे, घोणस, नाग, मण्यार आणि झाडीत राहणारा हिरवा चापडा हे विषारी साप या पट्ट्यात आहेत. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवावे, तो हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर करावा, माणसाला चालू देऊ नये आणि उचलून वाहनापर्यंत न्यावे. रेंज मिळताच १०८ ला फोन करावा आणि प्रतिविष मिळेल अशा जवळच्या सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयात थेट जावे. शिराळा, कराड, सातारा ही त्यासाठीची गावे. मांत्रिकाकडे किंवा साप पकडायला एक मिनिटही घालवू नये.

वाट चुकली तर ओढा धरून खाली उतरत सुटू नये. सह्याद्रीतला ओढा पुढे कड्यावरून कोसळतो. जिथे शंका आली तिथेच सगळ्यांनी एकत्र थांबावे, पाणी प्यावे आणि शेवटचे ओळखीचे ठिकाण जिथे होते तिथपर्यंत आल्या पावली परत जावे.

परतताना

फाटकावर बाहेर पडल्याची नोंद करायला विसरू नये, नाहीतर वनखात्याची माणसे अंधारात तुम्हाला शोधत बसतात. वणवा, फासा, बंदुकीचा आवाज किंवा तोडलेली झाडे असे काही दिसले असेल तर ठिकाण आणि वेळ तिथेच सांगावी. कचऱ्याची पिशवी शेवटच्या गावात न टाकता घरापर्यंत आणावी, कारण त्या गावांत ती उचलायला गाडी येत नाही.

मणदूर किंवा आरळ्याला कोणाच्या अंगणात जेवायची सोय झाली तर अवश्य जेवावे. नाचणीची भाकरी, हुलग्याची आमटी आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या जुन्या गावच्या गोष्टी, यांसाठी दोन तास वेगळे ठेवावेत. मग शिराळ्याच्या अलीकडे रेंज आली की गाडी बाजूला घेऊन आधी घरी फोन करावा आणि भिंतीवरचा तो कागद काढायला सांगावा. घरी पोहोचल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवावेत, कानामागे, काखेत आणि गुडघ्यांच्या मागे गोचीड चिकटली आहे का ते पाहावे, बूट धुऊन सावलीत वाळवावेत, आणि झोपण्यापूर्वी वहीतल्या अर्धवट नोंदी पूर्ण कराव्यात.